चिमणीतला ठसका

१

उर्वीचा खोकला थांबला आणि माझी झोप उडाली.

हे मी कुणालाही सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. पृथ्वीराजही हसला. "पोरगी खोकत नाही म्हणून जागणारी बाई अख्ख्या जुळे सोलापुरात तू एकटीच असशील," असं म्हणून तो कुशीवर वळला आणि घोरायला लागला. नवऱ्यांना हे जमतं.

त्याचं चूक नव्हतं. उर्वीला पाळण्यात असल्यापासून बाळदमा. आमच्या घरात खोकला घड्याळासारखा होता. उठल्यावर एकदा, दूध पिताना एकदा आणि मी फोडणी घातली की हमखास. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरात धूर नको, फोडणीचासुद्धा नको. आता ज्या गावात शेजारणीला ठसका लागल्याशिवाय आमटीला चव आली असं कुणी मानत नाही, तिथे हे सांगणं म्हणजे स्वयंपाकच करू नका म्हणण्यासारखं. म्हणून संक्रांतीनंतर आम्ही गॅसच्या वर चिमणी बसवून घेतली. तीच, काळ्या काचेची, बटण दाबलं की विमान निघाल्यासारखी घोंघावणारी.

खोकला हळूहळू कमी झाला. रंगपंचमीपर्यंत गेला. गेला म्हणजे पूर्ण गेला. घसा खाकरणं नाही, शिंक नाही, उचकी नाही. शेंगाचटणीचा कोरडा बकाणा भरला तर मोठ्या माणसालाही पाणी मागावं लागतं. उर्वी मूठभर चटणी तोंडात टाकायची, गिळायची आणि पुन्हा वाटी पुढे करायची. मोठा पेला पाणी ती मधे श्वास न घेता संपवायची.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. धूर बंद, खोकला बंद. कारण आणि परिणाम, फळ्यावर बाण काढून मोकळं व्हायचं. तरी मी रोज अंथरुणात तिच्या छातीवर हात ठेवून पडायचे. छाती हलत होती. श्वास येत-जात होता. पण माणसाचा श्वास कुठेतरी थोडा अडतो, घासतो. तिचा कशालाच अडत नव्हता. उघड्या खिडकीतून वारा जावा तसा नुसता जात होता.

२

चैत्रात सासूबाई वळसंगहून आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा, ज्वारीचं पीठ आणि माझ्यासाठी दोन-तीन टोमणे निघाले.

"पोर वाळलीय," उर्वीला मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "हाताला लागंना झालीय. काय खायाला घालतीस का नुसती पुस्तकं वाचून दावतीस?"

"वजन वाढलंय तिचं, आत्याबाई. डॉक्टरांनी केलंय."

"काट्यावर भरती व्हय गं. मांडीवर भरंना." त्यांनी उर्वीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केलं. "नजर लागलीय. मी काढती आज."

मी विरोध केला नाही. विज्ञान एका बाजूला आणि सासूबाई एका बाजूला, घरात राहायचं तर हे कळायला लागतं. मात्र धुराची भीती होतीच. आत्याबाईंनी गॅसवर जुना लोखंडी तवा ठेवला तेव्हा मी मागून हळूच चिमणीचं बटण दाबलं. सगळ्यात जोराचं.

उर्वी पाटावर बसली. आत्याबाईंनी मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन तिच्यावरून उतरवल्या. "आल्यागेल्याची, सख्ख्याची, चुलत्याची, वाटंवरच्या पावण्याची..." ओठातल्या ओठात पुटपुटणं झालं आणि मूठ तव्यावर पडली. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या. धुराचा लोट उठला आणि सरळ वर चिमणीत शिरला.

कुणालाच ठसका लागला नाही. आत्याबाईंचा चेहरा उतरला. मिरच्या जळूनही ठसका आला नाही म्हणजे नजर जबर, हे त्यांच्या आईपासून चालत आलेलं.

"बघ की. लई वंगाळ नजर हाय. जरा सुदीक वास न्हाय."

"आत्याबाई, धूर चिमणीनं ओढून घेतला. म्हणून वास नाही."

त्यांनी वर बघितलं. "धूर वडला, तर मग नजर बी तिनंच वडली की."

"हो. घेतली असेल."

"आन् ती कुटं गेली?"

"पाइपातून भिंतीबाहेर."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "जाऊ दे भाइर."

तेवढ्यात वरून, चिमणीच्या आतून, ठसका आला.

एकच. बारीक. बराच वेळ दाबून धरलेला आणि मग न राहवून सुटलेला. पंख्याच्या आवाजात आत्याबाईंना ऐकू गेला नाही. त्या तवा मोरीत ठेवायला वळल्या होत्या. मला गेला. लेकराचा खोकला आईला शाळेच्या पूर्ण वर्गातूनही ओळखू येतो, आणि तो खोकला उर्वीचा होता. शेवटी किंचित शीळ वाजते, तसा.

उर्वी पाटावर बसली होती. ओठ मिटलेले. ती माझ्याकडे बघत होती.

३

आता स्वतःला समजावण्यात मी पटाईत आहे. पाइपातून आवाज येतात. खालच्या घरातला असेल. पण खालचे लोक पुण्याला गेलेत, कुलूप आहे. वरच्या घरातला असेल. पण आमच्या वर गच्चीच आहे आणि तिथे पाण्याच्या टाक्या. मग कबुतर. कबुतरं खोकतात का, हे मी मोबाइलवर शोधलं. शिकलेल्या बाईची ही अशी गत.

आत्याबाईंनी नजर काढायचा सपाटा लावला. ठसका येत नाही तोवर नजर उतरली नाही, हा त्यांचा हिशेब. ठसका येऊ नये म्हणून चिमणी लावायची, हा माझा. त्या रोज सांजेला मिरच्या टाकायच्या, मी रोज बटण दाबायचे. आणि रोज, पंख्याच्या घोंघाटाखाली, वर कुणीतरी खोकायचं. एकदा. मग दोनदा. मग उबळ.

नळाला पाणी यायचा दिवस उजाडला. आमच्याकडे सगळी धुणी-घासणी त्याच दिवशी होतात. मी ठरवलं, चिमणीच्या जाळ्या काढायच्या. काढायलाच हव्या होत्या. बसवल्यापासून हात लावला नव्हता. चिमणी साफ केली नाही की मोटारीवर ताण येऊन चित्रविचित्र आवाज येतात, असं तिच्या माहितीपत्रकातच लिहिलं होतं. ते वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी पृथ्वीराजला चहा दोनदा दिला.

बालदीत कढत पाणी घेतलं, धुण्याचा सोडा टाकला, हातात रबरी मोजे चढवले. जाळ्या कड्या दाबून खाली ओढल्या. रोजच्या फोडणीनं त्या चिकट, तपकिरी व्हायला हव्यात. त्या ओल्या होत्या. नुसत्या ओल्या, आरशावर कुणी तोंडानं वाफ धरावी तशा.

मग जाळ्यांखालची तेलाची वाटी सोडवली. तिच्यात तेल साठतं. वाटी अर्धी भरलेली होती, पण आत तेल नव्हतं. पातळ, पांढुरकं, तार सुटणारं काहीतरी. मी मोजा काढून वाटी नाकाजवळ नेली.

आंबूस दूध. खोकल्याच्या औषधाचा गोडसर वास. आणि घामेजल्या टाळूचा, उर्वी तापात माझ्या गळ्याशी डोकं लावून झोपायची तेव्हाचा वास.

मी बाहेरच्या खोलीत गेले. उर्वी फरशीवर बसून चित्र रंगवत होती. तिला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं. खूप वेळ.

"आई, गुदगुल्या होतात," ती म्हणाली, पण हसली नाही.

तिला कसलाच वास नव्हता. धुऊन पालथ्या घातलेल्या स्टीलच्या ताटलीला असतो तेवढाही नाही.

४

चिमणी दुरुस्त करणारा शिवानंद दुसऱ्या दिवशी दुपारी आला. उन्हानं रस्ता ओस पडला होता. तो आला तोच बोलत. "म्याडम, तुमच्या जिन्यात गार वाटतंय की. हितंच संसार मांडावा म्हंतो."

"आवाज येतो," मी म्हणाले. "आतून. खोकल्यासारखा."

"मोटारीचं बेअरिंग आसंल. धा घरांतल्या नऊ घरांत बायका म्हंत्यात कुणीतरी रडतंय. माज्या बायकूला तर मिक्सरमदी सासू आईकू येती."

तो ओट्यावर चढला, जाळ्या काढल्या, मोटारीला कान लावला, चालू करून पाहिली. "मोटार येक नंबर." मग पाइप जिथे सुरू होतो तिथली पत्र्याची झडप बोटानं उचलली. पंखा चालू असला की ती झडप उघडते, बंद झाला की मिटते. बाहेरचा वारा आत येऊ नये म्हणून असते. त्यानं हात आत घातला. कोपरापर्यंत.

"घाण न्हाय," तो म्हणाला. "कमाल हाय. आत घाण पायजे की. कसं गुळगुळीत..."

तो थांबला.

हात त्यानं लगेच काढला नाही. आत कुणाची वस्तू हाताला लागली आणि ती ठेवावी की घ्यावी कळेना, असा उभा राहिला. मग सावकाश, फार सावकाश, हात बाहेर आणला आणि पँटला पुसला. तळवा पुन्हा पुन्हा पुसला.

दारात उर्वी उभी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्याडम, ही येकच का तुमाला?"

"हो. का?"

"न्हाय. आसंच इचारलं."

जाळ्या लावून तो उतरला. पाणी विचारलं तर नको म्हणाला. जिन्यातून त्याचा मोबाइलवर बोलण्याचा आवाज आला, कुणाला तरी तो सारखं विचारत होता, "घरला सगळी हाईत न्हवं? पोरं कुटं हाईत? समोर हाईत का?"

५

मी प्रयोग करायचं ठरवलं. दुसरं मला काय येतं?

वर्गात मुलांना सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला. आत्याबाई देवळात गेल्या होत्या, पृथ्वीराज कामावर. उर्वीला मी स्वयंपाकघराच्या दारातच रंगपेट्या देऊन बसवलं. चिमणी बंद ठेवली. जाळ्या काढून टाकल्या. मग तवा तापवला, त्यावर एक पोळी टाकली, म्हणजे रोजच्यासारखं वाटेल, आणि पोळीच्या कडेला मूठभर मिरच्या.

खरंतर मला एवढंच हवं होतं की उर्वीनं खोकावं. आई आपल्या दमेकरी मुलीसाठी असं काही करते, हे कुणी पाहिलं असतं तर मला उलटं टांगलं असतं.

धूर झाला. पहिल्यांदाच तो खोलीत पसरला. माझे डोळे झोंबले, घसा धरला, मी वाकून खोकत सुटले. उर्वी निळा खडू ठेवून लाल घेत होती.

आणि वर सुरू झालं.

पंखा बंद होता, त्यामुळे काही लपलं नाही. आधी दोन कोरडे ठसके. मग उबळ, एकावर एक, मधे श्वास घ्यायला उसंत नाही. मग ती शीळ. ओढून घेतलेला श्वास आत शिरत नाही तेव्हा येणारी ती बारीक शीळ मी तीन हिवाळे ऐकली आहे. ती ऐकली की माझं डोकं चालत नाही, फक्त हातपाय चालतात.

ते चालले. मी गॅस बंद केला. कपाटातून वाफेचं मशीन काढलं. मिक्सरचा प्लग उपटून त्याचा लावला. औषधाची कुपी मोडून मशीनच्या वाटीत रिकामी केली. मशीन घरघरलं, मास्कमधून पांढरी वाफ आली, आणि मी ओट्यावर चढून तो छोटा मास्क वर, चिमणीच्या काळ्या तोंडात धरला.

"घे बाळा," मी म्हणत होते. "हळू. नाकानं घे. आई आहे ना. हे बघ, आई आहे."

मी काय करतेय हे मला कळायच्या आधी मास्क वर कशावर तरी घट्ट बसला. गालावर बसतो तसा. वाफ बाहेर सांडायची थांबली. वर, पाइपाच्या तोंडाशी, पत्र्याची झडप हलत होती. पंखा बंद असताना. वर, खाली. वर, खाली. आधी घाईघाईनं, मग ठाय लयीत. शीळ विरत गेली. औषध संपेपर्यंत माझा हात तसाच होता. खांदा भरून आला तरी तो खाली घ्यावासा वाटला नाही, हेही मला सांगायलाच हवं.

दुसऱ्या हातानं मी मोबाइलचा उजेड लावला आणि वर धरला.

झडप उचललेली होती. तिच्यामागे पाइपाचा पत्रा दिसायला हवा होता. तिथे उजेड पडला मात्र, आतलं काहीतरी, जे इतका वेळ उघडं होतं, ते उजेड सहन न होऊन मिटलं. दोन ठिकाणी. शेजारी-शेजारी.

मग झडप पडली.

"आई," दारातून उर्वी शांतपणे म्हणाली, "पोळी करपली."

६

त्यानंतर चिमणी गप्प झाली. लावली तरी, बंद ठेवली तरी. आत्याबाईंच्या मिरच्या रोज जळत होत्या, वर कुणी खोकत नव्हतं. पृथ्वीराज म्हणाला, "बघ, सर्व्हिसिंगनं फरक पडला की नाही?"

मी उर्वीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पुढून-मागून नळी लावली, पुन्हा लावली, खूश झाले. "छाती एकदम स्वच्छ. इतकी स्वच्छ छाती या वयात मी पाहिलेली नाही. काय केलंत?"

"चिमणी बसवली," मी म्हणाले.

"उत्तम!"

रिक्षात बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय केलं होतं. जिथे माझ्या पोरीचं खोकणं, रडणं, वास, जे काही उरलं होतं ते धडपडत होतं, तिथे मी स्वतःच्या हातानं औषध दिलं आणि ते निजवलं. आणि जिला मांडीवर घेऊन बसले होते ती खड्ड्यात रिक्षा आपटली तरी 'हं' करत नव्हती. आता दोन्हीकडे शांत होतं. कुठूनतरी आवाज परत यायला हवा होता. कसाही. दम लागला तरी चालेल, रात्ररात्र मांडीवर घेऊन बसेन, पण यायला हवा होता.

घरी येताच मी आत्याबाईंना म्हणाले, "आज नजर काढा. चिमणी न लावता. खिडकी बंद करून."

त्या शेंगा फोडत होत्या. हात थांबला. "तूच म्हंतीस? धुराची एवडी भीती तुला."

"मीच म्हणते. मिरच्या जास्त घ्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा मारला नाही. तेव्हा मला कळलं की त्याही घाबरलेल्या आहेत. कदाचित माझ्या आधीपासून.

"म्या हितं आल्यापास्नं पोरगी मला येकदा बी आज्जी म्हनून बिलगली न्हाय," त्या हळू बोलल्या. "म्या म्हनलं, विसरली आसंल."

दिवेलागण व्हायची होती. मी खिडकी लावली, दाराखाली ओलं फडकं सारलं. चिमणीच्या बटणावर टेप चिकटवली. स्वतःवर भरवसा नव्हता. उर्वी पाटावर बसली, सांगितल्याबरोबर, हात मांडीवर. आत्याबाईंनी ओंजळभर मिरच्या उतरवल्या. या खेपेला पुटपुटणं मोठ्यानं होतं आणि मधेच त्या कानडीत शिरल्या, त्यांच्या आईच्या बोलीत. ओंजळ तव्यावर पडली.

अशा धुरात माणूस उभा राहू शकत नाही. आत्याबाई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या, खोकता खोकता खाली बसल्या. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, बरगड्या दुखत होत्या. चिमणीकडे कान लावला. काही नाही. पाटाकडे पाहिलं. धुरात उर्वी ताठ बसलेली, डोळे सताड उघडे, कोरडे.

मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, तिचे दंड धरले.

"खोक," मी म्हणाले. "उर्वी, एकदा खोक गं. बाळा, एकदाच. आईसाठी."

तिनं मला नीट पाहून घेतलं. माझं वाकणारं अंग, उघडं तोंड, गळ्याच्या ताणलेल्या शिरा. तिला मदत करायची होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं माझ्यासारखंच तोंड उघडलं. खांदे माझ्यासारखे पुढे केले. थांबली. मग माझ्या गळ्यावर, जिथे खोकला येत होता तिथे, गार बोट टेकवून तिनं विचारलं,

"आई, हे करतात कसं? दाखव ना."